विषाणूची बातमी देताना त्याचे कूळही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञानविषयक पानावरचा ‘विषाणू सजीव की निर्जीव’ हा लेख वाचला. लेख तळमळीने लिहिला आहे, पण वाचून संपल्यावर वाचकाच्या हाती फक्त वाद उरतो. जीवशास्त्र शिकवताना हा वाद मी वर्गात दरवर्षी ऐकते. तो मुलांना आवडतो हे खरे. तरीही माझ्या मते वाचकाच्या जास्त उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: हा विषाणू कोणत्या गटातला? त्याचे उत्तर मिळाले की तो कसा पसरेल, कशाने मरेल आणि त्याच्यावरची लस किती काळ टिकेल, याचा बराचसा अंदाज येतो. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत नेमकी हीच माहिती गाळलेली असते.

सजीवांच्या तक्त्यात विषाणू का बसत नाहीत, ते आधी सांगते. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७३५ साली निसर्गाची मांडणी केली तेव्हा सजीवांचे दोनच विभाग होते, वनस्पती आणि प्राणी. हेकेलने १८६६ मध्ये एकपेशीय जीवांना वेगळा विभाग, म्हणजे वेगळी सृष्टी दिली. व्हिटाकरने १९६९ मध्ये पाच सृष्टी केल्या आणि बुरशीला वनस्पतींच्या घरातून बाहेर काढले. विषाणू मात्र या पाचांत कुठेच नाहीत. पुढे १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोममधल्या आरएनएची तुलना करून नाती शोधली. जीवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव जीवाणू नाहीतच, ते आर्किया नावाच्या वेगळ्याच गटातले आहेत, हे त्यातून कळले. ही पद्धत इतकी बळकट ठरली की आजचा जीववृक्ष तिच्यावरच उभा आहे. पण रायबोझोम म्हणजे पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना, आणि विषाणूकडे तो नसतोच. ज्या मापाने सगळ्यांची नाती मोजली, ते मापच त्याला लावता येत नाही. शिवाय सगळ्या विषाणूंमध्ये सापडेल असे एकही समान जनुक नाही, त्यामुळे त्यांचा एकच पूर्वज होता असेही म्हणता येत नाही.

मग त्यांची वर्गवारी करायची कशी? विषाणुशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये सुचवलेला मार्ग मला फार देखणा वाटतो. विषाणू कोणताही असो, प्रथिने त्याला पेशीच्या रायबोझोमकडूनच करून घ्यावी लागतात आणि रायबोझोमला फक्त संदेशवाहक आरएनए वाचता येतो. म्हणजे प्रश्न एवढाच: हा विषाणू त्या संदेशापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो? कुणाकडे डीएनए असतो, कुणाकडे थेट वाचता येणारा आरएनए, कुणाकडे उलट्या अर्थाचा आरएनए, तर कुणी आरएनएवरून डीएनए बनवतो. आज असे सात गट मानतात. त्याच्या जोडीला विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेली कुळे, प्रजाती आणि जातीही आहेत.

हे कोरडे वाटत असेल तर इन्फ्लुएंझाचेच उदाहरण घ्या. त्याच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींवरच्या सियालिक आम्लाला चिकटते. पेशी विषाणूला आपणहून पोटात घेते. तिथल्या पिशवीत आम्लता वाढली की हिमॅग्लुटिनिनचा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलात मिसळते आणि आरएनएचे आठ तुकडे मोकळे होऊन पेशीच्या केंद्रकात जातात. हा आरएनए उलट्या अर्थाचा असल्याने रायबोझोमला तसाच वाचता येत नाही, म्हणून विषाणू नक्कल करणारे विकर (एन्झाइम) सोबत घेऊनच येतो. ते विकर झालेल्या चुका तपासत नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत फरक पडत राहतात. नवे कण पेशीचेच पटल अंगावर ओढून बाहेर पडतात, पण निघताना पुन्हा त्याच सियालिक आम्लात अडकतात. ते कापायला न्यूरामिनिडेज नावाचे दुसरे प्रथिन असते. ओसेल्टामिविर हे औषध नेमके हे कापणे थांबवते. म्हणूनच ते पहिल्या दोन दिवसांत घेतले तर जास्त उपयोगी पडते. कण सगळीकडे पसरून गेल्यावर दार लावून फारसे काही साधत नाही.

आठ तुकड्यांचीही एक गोष्ट आहे. दोन वेगळे इन्फ्लुएंझा विषाणू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींतल्या विषाणूंमध्ये पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाचे तुकडे आले होते. अशी अदलाबदल क्वचितच एकदम नवा विषाणू उभा करते; लसीतले घटक वारंवार बदलावे लागतात ते मुख्यतः वर सांगितलेल्या नकलेतल्या चुकांमुळे, कारण विषाणूचे रूप सतत थोडे थोडे बदलत राहते. ही एवढी ओळ बातमीत असती तर ‘लस चालत नाही म्हणून दरवर्षी नवी काढतात’ असा समज पसरला नसता.

मात्र गट कळला म्हणजे सगळे कळले असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. गोवराचा विषाणूही उलट्या आरएनएचाच, आणि त्याचे विकरही चुका करते. तरी त्याच्याविरुद्धची लस १९६३ पासून चालत आली आहे, कारण त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना फारसा बदल मानवत नाही. करोनाविषाणूंचा आरएनए सुमारे तीस हजार अक्षरांचा, म्हणजे आरएनए विषाणूंत बराच लांब. त्यांच्याकडे चुका दुरुस्त करणारे प्रथिन असल्याने ते इन्फ्लुएंझापेक्षा सावकाश बदलतात. एचआयव्ही तर आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून तो पेशीच्या गुणसूत्रात शिवतो. औषधांनी तो दबतो, पण शिवलेला भाग तसाच राहतो. अशा जुन्या रेट्रोविषाणूंचे अवशेष मानवी जनुकसंचयात सुमारे आठ टक्के आहेत, आणि गर्भाला पोसणारी वार घडवायला लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन त्यांतल्याच एका जनुकातून येते. हे शिकवताना दर वेळी माझा आवाज थोडा चढतो.

रोजच्या सवयींवरही याचा परिणाम होतो. काही विषाणूंना मेदाचे आवरण असते. साबणाने ते फाटते आणि विषाणू निकामी होतो. इन्फ्लुएंझा आणि करोना या प्रकारातले. नोरोविषाणूला असे आवरणच नाही, त्यामुळे त्याच्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर कमी पडते आणि साबण-पाण्याने हात चोळून धुवून तो काढून टाकावा लागतो. ‘हात निर्जंतुक करा’ एवढाच सल्ला छापला तर उलट्यांच्या साथीत माणूस सॅनिटायझरवर भिस्त ठेवून बसेल.

प्रतिजैविकांचेही तसेच. पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका बांधू देत नाही, स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोझोमला धरते. विषाणूकडे यांतले काहीच नाही, मग औषध हल्ला कशावर करणार? फ्लूनंतर जीवाणूंमुळे न्यूमोनिया झाला तर डॉक्टर प्रतिजैविक देतात, पण ते त्या जीवाणूंसाठी. साध्या सर्दीला गोळी मागणाऱ्या वाचकाला हा फरक एका वाक्यात सांगता येतो, आणि तो वारंवार सांगायला हवा.

म्हणून विनंती अशी, की विषाणूची बातमी देताना मृतांच्या आकड्याशेजारी त्याची दोन ओळींची ओळखही छापावी. निपाहची बातमी असेल तर लिहा: हा गोवर आणि गालगुंड यांच्याच पॅरामिक्सोव्हिरिडी कुळातला, उलट्या अर्थाच्या आरएनएचा विषाणू आहे; मुळात तो फळे खाणाऱ्या वटवाघळांत राहतो; त्याला मेदाचे आवरण असल्याने साबणाने तो निकामी होतो; प्रतिजैविकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. यासाठी फार तर चार सेंटिमीटर जागा लागेल.

कळावे,
आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका