गाडीचे अॅव्हरेज जाते ते ब्रेकखाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून ‘गाडीचे अॅव्हरेज पडले’ ही तक्रार आमच्या ऐरोलीत सोसायटीच्या बैठकीपासून गॅरेजच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्यामुळे पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत आजच्या इंधनात लिटरमागे तीन-चार टक्के ऊर्जा कमी भरते, हे साधे गणित आहे. पण एकच गाडी, तोच ठाणे-बेलापूर रस्ता आणि तीच वेळ असताना चालवणारा बदलला की अॅव्हरेजमध्ये जो फरक पडतो, तो या तीन-चार टक्क्यांहून कितीतरी मोठा असतो आणि त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. हे पत्र त्या फरकाविषयी आहे. त्यातला काही भाग चालकाच्या हातात, खरे तर पायात, आहे आणि काही भाग आपल्या महापालिका व वाहतूक पोलीस यांच्या हातात आहे.

सर्वसाधारण समज असा की पेट्रोल जाते ते अॅक्सिलरेटर दाबल्यामुळे. ते अर्धेच खरे आहे. अॅक्सिलरेटर दाबून गाडीला जी गती दिली, ती वापरून आपण पुढे जात असू तर त्या पेट्रोलचे चीज झाले. ते वाया जाते ते आपण ब्रेक दाबतो त्या क्षणी, कारण तेव्हा ती सगळी गती ब्रेकच्या पॅडमध्ये आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन हवेत जाते. हिशेबच मांडायचा तर माणसांसह ११०० किलो वजनाची छोटी मोटार घ्यावी. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगावरून ही गाडी ब्रेक लावून थांबवणे म्हणजे नऊ-दहा मिलिलीटर पेट्रोल टाकून देणे होय. ६० वरून थांबवली तर हा आकडा २० मिलिलीटरवर जातो आणि ८० वरून थांबवली तर ३५ च्या पुढे, कारण वेग दुप्पट झाला की गतीतली ऊर्जा चौपट होते. लिटरला शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलच्या दराने साठवरून एकदा करकचून थांबणे दोन रुपयांना पडते. ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनपासून घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत जाताना आपण असे किती वेळा थांबतो, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

थांबावे लागते याला इलाज नाही, हे मलाही कळते. सिग्नल असतात, मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड असतात, मधूनच कट मारून शिरणारे दुचाकीस्वार असतात. प्रश्न केवळ आपण किती वेगातून आणि किती उशिरा थांबतो, हा आहे. पाम बीच रस्त्यावर सकाळी जरा निरखून पाहावे. मोराज सर्कलचा सिग्नल लांबूनच लाल दिसत असतो आणि तरीही मागून एक गाडी ८०-९० च्या वेगाने येते, आपल्याला ओलांडते आणि सिग्नलपाशी जाऊन ब्रेक लावते. ज्याने लाल दिवा दिसताच अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवून तिला आपोआप मंदावू दिले, तो पोहोचेपर्यंत पुष्कळदा सिग्नल सुटलेला असतो आणि तो ३० च्या वेगाने, ब्रेकला हातही न लावता, त्या थांबलेल्या गाडीशेजारून पुढे निघून जातो. पहिल्याने आपल्यापेक्षा आधी पोहोचण्याचे पैसे मोजले आणि पोहोचला नाहीच. शिवाय वाटेत त्याला हवेचाही विरोध जास्त झाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ५० ऐवजी ९० ने जाणाऱ्याला तो सव्वातीनपट होतो. इंधन बचतीचा प्रचार करणारी केंद्र सरकारची पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत किफायतशीर असल्याचे वर्षानुवर्षे सांगत आली आहे. पेट्रोल पंपावरच्या फलकावर ते वाचून आपण त्याच पंपावरून कसे बाहेर पडतो, हे पाहण्यासारखे असते.

इथे ‘गाडी गिअरमध्येच ठेवून’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, काहींनी तर इंजिनच बंद करायचे, ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. गायमुखचा घाट उतरताना किंवा कोपरीचा पूल उतरताना रिक्षा आणि टेम्पो असेच घरंगळत येताना दिसतात. कार्बुरेटरच्या काळात त्यात थोडीफार बचत होत असेलही, परंतु आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने मोजून इंधन फवारणाऱ्या, गाड्यांत हा हिशेब उलटा झाला आहे. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते आणि त्याचा संगणक इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच करतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी त्याला पेट्रोल द्यावेच लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे वाहनांच्या धुराचे निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींमध्येही इंजेक्शन आले आहे, त्यामुळे ही गोष्ट आता बहुतेक सर्वांना लागू आहे. इंजिन बंद करून उतरण्याबद्दल तर बोलूच नये. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा दाबल्यावर मोटारीचा ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होते आणि वाचवलेले चार थेंब कोणाच्या तरी जिवावर बेततात.

रिक्षावाल्यांचा उल्लेख आलाच आहे तर त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षा चालवणारे जुने चालक या विषयातले आमच्यापेक्षा मोठे जाणकार आहेत, कारण सीएनजीचे पैसे त्यांच्या रोजच्या कमाईतून जातात. पुढच्या बसचा इंडिकेटर लागण्याआधी, केवळ थांब्यावर माणसे उभी आहेत एवढे पाहून, ते हात सैल सोडतात. याउलट स्कूटर चालवणाऱ्या तरुण मंडळींमध्ये डाव्या हाताची दोन बोटे सतत ब्रेकच्या दांडीवर ठेवण्याची खोड दिसते. त्यांचा मागचा लाल दिवा एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत लागलेलाच असतो, म्हणजे एका हाताने रेस द्यायची आणि दुसऱ्या हाताने ती घासून खायची, असा हा प्रकार आहे. मागच्या गाडीवाल्याला आपण नक्की केव्हा थांबणार हे कळत नाही, ते वेगळेच. चढावर सिग्नलला उभे असताना हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे मोटारचालक याच पंथातले आहेत. ते पेट्रोलबरोबर क्लच प्लेटही खातात.

तीन हात नाक्यासारख्या मोठ्या चौकात थांबण्याचा वेळ इतका असतो की इंजिन बंद करणे केव्हाही फायद्याचे ठरते. छोट्या मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर मिनिटाला दहा मिलिलीटरच्या आसपास पेट्रोल जाते आणि एसी चालू असेल तर त्याहून जास्त. पुन्हा चालू करायला लागणारे पेट्रोल मात्र काही सेकंदांच्या खर्चाइतकेच असते. दिल्लीत २०२० मध्ये ‘रेड लाईट ऑन, गाडी ऑफ’ अशी मोहीम सुरू करण्यात आली, ती याच आधारावर. आता बऱ्याच नव्या गाड्या हे काम आपणहून करतात, पण एसीची हवा मिनिटभर कोमट होते म्हणून ती सोय बटण दाबून बंद करून टाकणारेच माझ्या परिचयात अधिक आहेत. मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात मी त्यांना दोष देणार नाही. जानेवारीत मात्र देईन.

यापुढे प्रशासनाचा भाग सुरू होतो. इंजिन बंद करावे की नाही, हे चालकाने ठरवायचे तर सिग्नलवर सेकंद दाखवणारा आकडा चालू असला पाहिजे. आपल्याकडे तो अनेक ठिकाणी बंद असतो किंवा मुळातच नसतो, मग प्रत्येक जण ‘आता सुटेल, मग सुटेल’ म्हणून इंजिन चालू ठेवून आणि क्लच दाबून बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच सरळ रस्त्यावरचे लागोपाठचे सिग्नल एकमेकांशी जुळवून घ्यायला हवेत, म्हणजे एक सिग्नल सुटल्यावर ५० च्या वेगाने निघालेल्याला पुढचाही सुटलेला मिळेल आणि ८० ने पळणाऱ्याला थांबावे लागेल. वेगावर याहून स्वस्त नियंत्रण दुसरे नाही, आणि नवी मुंबईसारख्या आखून वसवलेल्या शहरात, जिथे लांब सरळ रस्ते आहेत, ते जमू नये याला काही कारण दिसत नाही.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची. शाळा आणि रुग्णालयांसमोर ते हवेत, याबद्दल कोणाचे दुमत नसावे. परंतु प्रत्येक सोसायटीच्या फाटकासमोर, नगरसेवकाच्या मर्जीनुसार, रात्रीतून डांबराचा एक उंचवटा उभा राहतो, त्यावर पांढरे पट्टे नसतात आणि आधी फलकही नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर चढाचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. आपल्याकडचे बहुसंख्य गतिरोधक अरुंद आणि टोकदार असल्यामुळे गाडी जवळजवळ थांबवून, पहिल्या गिअरमध्ये आणून, मग पुन्हा उचलावी लागते. ४० वरून १० वर येऊन परत ४० गाठायचे, तर वर सांगितलेल्या छोट्या मोटारीचे आठ-नऊ मिलिलीटर पेट्रोल जाते. हजार मोटारी गेल्या की आठ-नऊ लिटर झाले, आणि प्रत्येक लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. हवेच्या शुद्धतेसाठी यंत्रे आणि पाण्याचे फवारे विकत घेणाऱ्या महापालिकांनी हे उंचवटे मानकानुसार करून घेतले, तर खर्चही कमी येईल आणि कंबरदुखीचे रुग्णही घटतील.

टायरमधल्या हवेविषयी इतके सांगितले जाते की मी थोडक्यात आटोपतो. हवा कमी असल्याने होणारे नुकसान बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आतच असते, पण ते भरून काढायला पैसे लागत नाहीत, कारण पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो तो टायर थंड असताना भरायचा असतो. ‘साहेब, चाळीस टाकतो, उन्हाळा आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाचे ऐकू नये. माझ्या नेहमीच्या एका पंपावरचे हवेचे यंत्र बहुतेक वेळा बंद असते आणि शेजारी पैसे घेऊन नायट्रोजन भरण्याची सोय मात्र अखंड चालू असते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, ही शालेय पुस्तकातली माहिती इथे आठवून द्यावीशी वाटते.

काही वाचक म्हणतील की विजेच्या गाड्या आल्या, आता हा सगळा खटाटोप कशाला? विजेची गाडी मंदावताना गतीतली काही ऊर्जा बॅटरीत परत घेते, हे खरे आहे, आणि घोडबंदरसारख्या थांबत-थांबत जाण्याच्या रस्त्यावर म्हणूनच ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा उठून दिसते. पण घेतलेली ऊर्जा बॅटरीत जाताना आणि पुन्हा चाकावर येताना दोन्ही वेळा घटते, आणि अचानक दाबलेल्या ब्रेकमध्ये तर उरलेले काम साध्या ब्रेकलाच करावे लागते. रेंज कमी मिळते म्हणून कुरकुरणाऱ्यांनी आपला उजवा पाय आधी तपासावा.

आणखी एक. इंजिन थंड असताना पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी सर्वांत जास्त पिते. सिडकोने सेक्टर आखताना दुकाने, शाळा आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर ठेवले. त्या सेक्टरमध्ये राहून कोथिंबिरीसाठी गाडी काढली तर अॅव्हरेजच्या तक्रारीला अर्थ उरत नाही. ठाणे-वाशी रेल्वे २००४ पासून आहे, तिच्या स्थानकांपर्यंतही पुष्कळांना पायी जाता येते.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांच्या वाहतूक विभागांना आपल्या दैनिकामार्फत विनंती अशी, की संपूर्ण शहराचा आराखडा तयार होण्याची वाट न पाहता पाम बीच रस्त्यावरील सिग्नल आधी एकमेकांशी जुळवून पाहावेत आणि तेथील सेकंदांचे आकडे दुरुस्त करावेत. त्या रस्त्यावर जोडरस्ते कमी आहेत, चौक मोजके आहेत आणि मेट्रोचे खोदकाम नाही, त्यामुळे प्रयोग करायला त्याहून सोपी जागा या भागात मिळणार नाही. सिग्नल कोणत्या वेगासाठी जुळवले आहेत, ते रस्त्याच्या सुरुवातीला फलकावर ठळक लिहावे, म्हणजे तो वेग पाळायचा की नाही, हे चालकाला आधीच ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
ऐरोली, नवी मुंबई