मंत्रिमहोदय, एकदा मोजदाद होऊ द्या

माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. मागणी छोटी आहे. ती सुचली एका अमेरिकी चित्रकर्तीमुळे, तेव्हा आधी तिच्याविषयी.

हॉवर्डिना पिंडेल यांचा जन्म १९४३चा, फिलाडेल्फियातला. येलमध्ये शिकून १९६७ साली त्या न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नोकरीला लागल्या. दिवसा ऑफिस, चित्रं रात्री. दिव्याच्या उजेडात माणसं रंगवणं जमेना, तशा त्या अमूर्ताकडे वळल्या. पंचिंग मशीनमधून पडलेल्या कागदाच्या टिकल्या त्या गोळा करत; कधी एकेकीवर शाईने बारीक आकडा घालत, कधी त्या रंगाच्या थरात मिसळून कॅनव्हासवर चिकटवत. लांबून फिकट धुक्यासारखं दिसणारं चित्र जवळ गेलं की टिकल्यांनी खडबडीत झालेलं असतं.

गोलच का? लहानपणी वडिलांबरोबर केंटकीतून जाताना त्यांना एका मगातून पेय मिळालं. मगाच्या बुडाला लाल वर्तुळ होतं. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी ठेवलेली भांडी ओळखायची ती खूण. वेगळा कप म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कृष्णवर्णीयांच्या कलेसाठी काढलेल्या हार्लेममधल्या संस्थेतही त्यांना ऐकून घ्यावं लागलं, की असली अमूर्त चित्रं गोऱ्यांकडे नेऊन दाखवा. म्हणजे ओळख मांडायची तर ती समोरच्याला झटकन ओळखू यावी! आपण तरी वेगळं काय करतो? आदिवासी चित्रकाराने पारंपरिक आकृत्याच काढाव्यात, दलित चित्रकाराने व्यथाच रंगवावी, ही अपेक्षा आपल्याही निवड समित्यांत मुरलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यापैकी कुणाला नुसती निळ्यावर निळी छटा लावावीशी वाटली तर?

१९७९मध्ये पिंडेल स्टोनी ब्रुकच्या विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यांचं मला सर्वांत भावलेलं काम मात्र चित्र नव्हे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आणि गॅलऱ्यांत कुणाला जागा मिळते, हे त्यांनी चक्क मोजलं आणि १९८७मध्ये आकडे मांडले. कित्येक नामवंत गॅलऱ्यांच्या यादीत गोऱ्यांखेरीज कुणीच नव्हतं. तक्रार म्हटली की लोक खांदे उडवतात; तक्त्यापुढे जरा थांबावं लागतं.

महोदय, आपल्या गॅलरीचाही असा तक्ता हवा. गेल्या वीस वर्षांत कुणाची चित्रं विकत घेतली, कुणाची एकल प्रदर्शनं झाली, निवड समितीवर कोण होतं; त्यात स्त्रिया किती, दलित-आदिवासी किती, महानगरांबाहेरचे किती. जातीचं लेबल परस्पर कुणाला चिकटवू नये. चित्रकाराने स्वतः जाहीर केलं असेल तेवढंच धरावं, बाकी रकाना कोरा ठेवावा. कोरे रकाने किती, तेही छापावं.

त्यासाठी नवी समिती नको, परिसंवाद तर नकोच. (समित्यांचं काय होतं, ते आपण जाणताच.) नोंदवह्या गॅलरीकडेच आहेत. पुढच्या वार्षिक अहवालात दोन पानं द्या. सुरुवात मुंबईच्या शाखेपासून झाली तरी हरकत नाही.

आपला,
एक चित्रकला शिक्षक