मंत्रीमहोदय, चांगुलपणाचे फोटो मागवू नका

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडं पाण्यानं काय केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जमिनी खरवडून गेल्या, सोयाबीन कुजलं, पोरांच्या दप्तरांचा लगदा झाला. मदत भरपूर आली, आणि बहुतेक मनापासून आली. पण एका मंडळींनी वह्या वाटताना माझ्या वर्गातल्या एका पोरीला तीनदा उभं केलं. पहिल्यांदा बॅनर अर्धाच आला, दुसऱ्यांदा पाहुण्यांचे डोळे मिटले, तिसऱ्यांदा ‘बाळ, जरा हस की’. ती हसली. गाड्या गेल्यावर हळूच मला विचारलं, “बाई, वह्या आता आमच्याच ना?”

म्हणून ‘संस्काराचा उपक्रम घ्या आणि फोटो ग्रुपवर टाका’ असा निरोप वरून आला की माझ्या पोटात गोळा येतो. पोरं हुशार आहेत. चांगलं वागायचं ते फोटोपुरतं, हे ती आपल्याकडूनच शिकतात.

दिवाळी झाली तरी पावसानं पाठ सोडली नव्हती तेव्हाची गोष्ट. शाळेतला गॅस संपलेला, आमच्या खिचडीच्या मावशी भिंतीच्या आडोशाला तीन दगड मांडून बसलेल्या, सरपण ओलं. फुंकणीनं फुंकून डोळे लालबुंद. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक पोरगा तुराट्यांची मोळी घेऊन आला. त्याचे आईबाप ऊसतोडीला कोयत्यावर गेलेले, तो आजीपाशी राहतो. पत्र्याखाली ठेवलेल्या मागल्या साल​च्या तुराट्या होत्या, कडकडीत वाळलेल्या.

“कुणी धाडलं रं?” मावशींनी विचारलं.

“कुणी न्हाई. तुज्या डोळ्यातून लई पाणी यायलंय.”

मावशींनी त्या दिवशी पातेल्याच्या बुडाची खरपुडी त्याच्या ताटात घातली. एवढंच. आणि मी? मी त्या वेळी पोषण आहाराची रोजची माहिती मोबाईलवर भरत बसले होते.

मूल्यशिक्षणाला माझा विरोध नाही, साहेब. ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ साली आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातच ५०० शाळांत सुरू झाला आणि पुढं राज्यभर गेला. जोडीत बसवून पोरांना एकमेकांचं ऐकायला लावायची त्यातली रीत मला आवडते, मी ती वापरतेही. पण तास संपला की पोरं पुन्हा आमच्याकडंच बघतात. पालकसभेला मावशी चहा देतात आणि दाराशी उभ्या राहतात. त्यांना कुणी ‘बसा’ म्हणत नाही. नऊ वर्षांत मीही म्हटलं नव्हतं. शंभरावर पोरांचं अन्न रांधणाऱ्या या बाईला सरकार महिना २५०० रुपये मानधन देतं, तेही वर्षातले १० महिने. मे महिन्यात त्यांनी काय खायचं, हे मला चौथीच्या पोरांना समजावून सांगता येत नाही.

तर मागणं दोनच. या मावशींचं मानधन माणसाला शोभेल असं करा, बारा महिन्यांचं करा. आणि चांगुलपणाचे फोटो मागवणं बंद करा. नवं पुस्तक, नवी प्रतिज्ञा, नवा सप्ताह यातलं काही नको.

शिकवण आमच्या मातीत आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवची गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. काळ्या आईची पूजा, मग भज्जी म्हणजे मिसळभाजी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्याला शेत नाही, त्याला वाटेवरून हाक मारून बांधावर बसवतात. जेवल्याशिवाय सोडत नाहीत, मग तो ओळखीचा असो की नसो. यासाठी कुणी परिपत्रक काढलेलं नाही. मावशींना शेत नाही. यंदा त्यांना कुणाच्या शेतात न्यायचं, यावरून माझ्या वर्गात आत्ताच भांडणं सुरू आहेत.

तुम्हीही या. फक्त फोटोवाल्याला गावातच ठेवा. लोटक्यातली आंबील प्यायला दोन्ही हात मोकळे लागतात.

आपली,
धाराशिव जिल्ह्यातली एक शिक्षिका