बोट ट्रेलरवरच आहे, काळजी करू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

मी मजेत आहे हे आधीच लिहून टाकतो, कारण मागच्या फोनवर बोटीचा विषय निघाला आणि आईचा आवाजच बदलला. ऑफिस, झोप, जेवण सगळं तसंच. आई, बोट माझ्या एकट्याची नाहीये, दोघांत मिळून जुनी घेतलीये आणि गेले तीन शनिवार-रविवार ती ट्रेलरवर उभी आहे, जमिनीवर. बुडणार कशी? आणि पोहायला मला बाबांनीच शिकवलंय.

बाबा, तुम्ही विचारलंत मेकॅनिकला का नाही दिली. अहो इकडे कुणी देतच नाही! ज्याची बोट तो स्वतः तिच्याखाली आडवा, मग तो दातांचा डॉक्टर का असेना. आणि अजून एक, मला कळायला फार वेळ लागला ते, शेजारच्या बोटीवाला येतो, खिशात हात घालून उभा राहतो, एक शब्द बोलत नाही. मला पहिल्यांदा वाटलं रागावलाय. तसं नसतं, आपण विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, विचारलं की मग अर्धा तास थांबत नाही, हत्यारं पण देतो पण नटाला बोट लावणार नाही, दुसऱ्याच्या बोटीचा नट आपण फिरवायचा नाही म्हणे. आपल्याकडे असं झालं असतं तर एव्हाना चार जणांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला असता.

तर झालं काय, आमचं स्टर्नड्राइव्ह आहे. म्हणजे इंजिन बोटीत मागच्या बाजूला आणि पंखा असलेला पाय बाहेर पाण्यात, व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये बाजारात आणलेली पद्धत. इंजिनाकडून पायाकडे जाणारा शाफ्ट बोटीच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून जातो आणि ते भोक पाण्याच्या पातळीखाली, म्हणून त्यावर रबराचा बेलोज, पेटीच्या भात्यासारखा घड्या असलेला. आमच्या भात्याला घडीत चीर गेलेली, वरून दिसतच नव्हती. आत पाणी जाऊन बेअरिंग गंजलं, वळवताना गुरगुरायचं. आम्ही अख्खा सीझन त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं, ते काही बरोबर नाही, मान्य.

गिअर फॉरवर्डला टाकून 6 नट सोडले, दोघांनी धरून पाय मागे ओढला, भलताच जड प्रकार. गिअरचं ऑइल दुधाळ निघालं असतं तर सील पण गेलं म्हणायचं, पण ते स्वच्छ निघालं. नवा भाता, नवं बेअरिंग घातलं. खरा वेळ गेला तो इंजिन सरळ रेषेत आणण्यात, एक लांब दांडा बेअरिंगमधून थेट इंजिनाच्या कपलरमध्ये, म्हणजे शाफ्ट जिथे इंजिनाला जोडतो त्या दातेरी भागात, हातानेच सरकला पाहिजे, नाही सरकला तर इंजिनाची पुढची बाजू थोडी वर थोडी खाली, परत दांडा, परत दांड्याला लावलेल्या ग्रीसवर कुठे घासलंय ते बघायचं. ठोकून घुसवला तर पुढे कपलरचे दातेच जातात, त्यामुळे ठोकला नाही. ऑइल खालच्या भोकातून भरलं, वरून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. आणि आई, इंजिन चालू करायच्या आधी पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा चार मिनिटं लावतो, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय.

पैशांचं. या महिन्यात कमी पाठवले ते बोटीमुळे नाही. म्हणजे थोडे बोटीमुळेच, पण मेकॅनिकला दिली असती तर याहून कमी आले असते, असा विचार करा. ताईच्या लग्नाच्या हॉलचे महिनाअखेरीस पाठवतो, नक्की, तिला आत्ता काही बोलू नका. सुट्टी 8 दिवसांचीच मिळतेय, खरेदीला नाही पोचणार, लग्नाच्या दोन दिवस आधी येतो. आत्या फोटो पाठवतेय ते बघितले, नंतर बोलू, आणि तिला बोटीचं आधीच सांगून ठेवा, मुलीकडच्यांना उगाच वाटायचं की पोराकडे फार पैसा आहे.

आणि बाबा, तुम्ही घरभर शोधत होतात ना तो 16 चा पाना, तो माझ्या बॅगेत आलाय. इथले नट इंची आहेत, 5/8 चे, तरी बसला. येताना आणतो.

तुमचा,
बाळ्या