तो सण कोजागरीचा नव्हे, भाद्रपदाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर आला की चीनमधल्या कंदिलांची छायाचित्रे छापून येतात आणि खाली ओळ असते, 'चिनी कोजागरी'. हे नाव चुकीचे आहे. चूक नुसत्या नावापुरती असती तर सोडून दिली असती. पण कोजागरी म्हटले की दूध आले, खवा आला, आणि आता हौसेने घरी मूनकेक (या सणाचे सारण भरलेले केक) करणारे त्यातही खवा भरून फसू लागले आहेत.

आधी तिथीचे बघू. हा सण चिनी आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो. त्यांचे सातवा, आठवा, नववा हे शरदाचे महिने. त्यातल्या मधल्या महिन्याचा मध्य, म्हणून नाव 'चोंगछ्यू', म्हणजे मध्य-शरद. त्यांचा आठवा महिना बहुतेक वर्षी आपला भाद्रपद असतो. 2024 मध्ये सण 17 सप्टेंबरला, म्हणजे नेमका अनंत चतुर्दशीला आला. 2026 मध्ये 25 सप्टेंबरला, पुन्हा अनंत चतुर्दशीच. बेळगावात विसर्जनाची मिरवणूक निघते त्याच रात्री तिकडची घरे चंद्र बघत बसलेली असतात. कोजागरी, म्हणजे कानडी शेजाऱ्यांची शीगी हुण्णिमे, त्यानंतर महिन्याने.

मग 2025 मध्ये दोन्ही सण 6 ऑक्टोबरलाच कसे आले? ज्या चांद्रमासात कन्या संक्रांत (सूर्याचा कन्या राशीत प्रवेश, साधारण 17 सप्टेंबर) तो आपला भाद्रपद. ज्यात शरद संपात (दिवस-रात्र समान होतात तो क्षण, साधारण 23 सप्टेंबर) तो चिनी आठवा. आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजतो, ते सायन, म्हणजे संपातावरून, एवढाच फरक. या पाच-सहा दिवसांच्या फटीत अमावास्या पडली की भाद्रपद आधीच संपलेला असतो आणि त्यांचा आठवा महिना सुरू व्हायचा असतो. 2025 मध्ये तेच झाले. दुसरी बारीक गोष्ट: अमावास्येचा क्षण बीजिंगच्या घड्याळाप्रमाणे ज्या तारखेला येतो, तोच त्यांचा पहिला दिवस. त्यामुळे पंधराव्याला चंद्र पूर्ण असेलच असे नाही. 'पंधराचा चंद्र सोळाला गोल' अशी त्यांच्यात म्हणच आहे.

रिवाजही वेगळे. मध्यरात्री 'को जागर्ति' विचारत फिरणारी लक्ष्मी तिकडे नाही. चंद्रावर छांग-अ नावाची देवी आहे आणि खलात औषध कुटणारा ससा. (ससा मात्र सामाईक, आपण चंद्राला शशांक उगाच म्हणत नाही.) जुन्या बीजिंगमध्ये चंद्राची पूजा बायकांनी करायची, पुरुषांनी नाही, असा दंडक होता. चंद्रासमोरच्या मेजावर मूनकेक, कमळाच्या पाकळ्यांसारखे कापलेले कलिंगड, आणि दक्षिणेत पपनस व उकडलेल्या अळकुड्या. पपनस आपल्याकडे याच दिवसांत माटोळीला (गणपतीवरच्या फळाफुलांच्या चौकटीला) टांगतात. खरी सांगड घालायचीच तर ती तिथे आहे, मसाला दुधाशी नाही.

आता मूनकेक. कँटनच्या पद्धतीचा केक दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय खायचाच नसतो. खव्याचे सारण बाहेर ठेवले तर तेवढ्यात आंबते, फ्रिजमध्ये ठेवले तर वरचे कवच मऊ पडत नाही. आपला खव्याचा कुंदा कुंद्याच्या जागी चांगला. मूळ सारण कमळाच्या बियांचे: आतला हिरवा कोंब काढायचा, नाहीतर कडू होते; मग उकडून, वाटून, साखर आणि तेलात परतायचे. मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक असतो, तो पूर्णचंद्र. शाकाहारी घरात तो गाळावा, काही अडत नाही. मुगाच्या डाळीचे सारणही तिकडे चालते, म्हणजे आपल्या पुरणाचेच भावंड. फक्त पोळीच्या पुरणापेक्षा कोरडे हवे, गोळी हाताला चिकटता कामा नये.

कवचाला मैदा 100 ग्रॅम, पाक 70 ते 75, शेंगतेल 25 ते 30 आणि खाराचे पाणी 2 ग्रॅम. पाक म्हणजे लाडवाचा एकतारी नव्हे. 400 ग्रॅम साखर, 200 मिली पाणी, 50 मिली लिंबाचा रस. उकळी आल्यावर चमचा अजिबात न घालता मंद आचेवर पाऊण तास. ढवळले की साखर खडे धरते. थंड झाल्यावर मधाइतका दाट हवा, आणि पंधरा दिवस ठेवून वापरला तर रंग चांगला येतो. लिंबामुळे पाक आंबट असतो, तो आंबटपणा मारायला खार. खायचा सोडा ओव्हनमध्ये 120 अंशांवर तासभर भाजून एकास चार पाण्यात विरघळवला की काम भागते. हे पाणी हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नये. खार कमी पडला तर केक पांढुरका राहतो, जास्त झाला तर काळपट आणि साबणासारखा लागतो.

पीठ तास-दीड तास झाकून ठेवावे. 100 ग्रॅमच्या साच्याला कवच 30, सारण 70. साच्याला पिठाचा हात लावताना झटकून टाकावे. जास्त पीठ राहिले की वरून भेगा पडतात. 200 अंशांवर पाच मिनिटे, बाहेर काढून दहा मिनिटे निववायचा, मग बलकाचा हात. तो इतका हलका की ब्रश जवळजवळ कोरडा; इथेच बहुतेकांचे नक्षीकाम बुजते. पुन्हा 180 अंशांवर पंधरा मिनिटे.

भट्टीतून निघालेला केक बिस्किटासारखा कडक असतो. बिघडला समजून टाकू नये. बंद डब्यात ठेवल्यावर सारणातले तेल कवचात उतरते, कवच मऊ आणि चकचकीत होते. याला ते 'तेल परतले' म्हणतात. मग आठ फोडी करून बिनसाखरेच्या चहाबरोबर, एकेकाला एकच फोड.

तेव्हा पुढच्या खेपेस छायाचित्राखाली 'मध्य-शरद सण' एवढेच छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव