पवनचक्कीच्या पात्यांआधी पाया पाहा

महोदय,

समुद्रातील पवनऊर्जेची आपल्याकडील चर्चा युनिटचा दर आणि अनुदान यांच्या पुढे सहसा जात नाही. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर करून गुजरात व तमिळनाडूलगतच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प ठरवले, तेव्हाही ही टर्बाइन उभी कशावर राहणार, हे कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

इमारतीच्या पायावर मुख्यतः उभा भार येतो. टर्बाइनचे वजन त्यामानाने थोडे असते, पण शंभर मीटर उंचीवर वारा आणि खाली लाटा त्याला वर्षानुवर्षे आडव्या ढकलत राहतात. म्हणून तेथे पाया खचण्यापेक्षा कलण्याची धास्ती अधिक, आणि साधारण अर्ध्या अंशाहून जास्त कल सहसा चालत नाही. वर्सोव्याला चिखलात रोवलेला खुंट भरती-ओहोटीने हलतो तेव्हा त्याच्या बुडाशी चिखलात फट पडत जाते. एका जेट्टीवर पाइलला, म्हणजे तळात खोल ठोकलेल्या खांबाला, आडवा जॅक लावून आम्ही चाचणी घेतली होती, तेव्हा भार काढल्यावर सरकणे मोजणाऱ्या डायल गेजचा काटा शून्यावर आला नाही आणि दर फेरीला थोडा आणखी पुढेच थांबत गेला. तो काटा मी अजून विसरलेलो नाही.

युरोपात बहुतेक ठिकाणी एकच जाडजूड मोनोपाइल ठोकतात. तळाशी घट्ट वाळू वा कडक माती असेल तर ते ठीक. वरचा थर मऊ चिकणमातीचा असेल तर तोच पाइल अधिक खोल आणि जाड करावा लागतो. मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचा अनुभवही येथे जसाच्या तसा उपयोगी नाही, कारण तेथील प्लॅटफॉर्म अनेक पायांवर उभे असल्याने कलंडवणारा जोर एका पायात ओढ आणि दुसऱ्यात दाब होऊन वाटला जातो. एकखांबी टर्बाइनला ती सोय नाही. म्हणूनच मोनोपाइलभोवती समुद्रतळालगत रुंद चकती किंवा पालथ्या बादलीसारखा, आतले पाणी उपसून तळात रुतवला जाणारा सक्शन कैसन जोडण्याचा संकरित पाया विचारात घ्यावा, असे मला वाटते. चकती कलण्याला थेट विरोध करते, तिच्या दाबाने खालच्या मातीची ताकद वाढते आणि पाइलवरचा ताण घटतो. मात्र चकतीखालचा गाळ धुपून किंवा खचून पोकळी झाली, तर ती नुसती लोंबकळत राहते; शिवाय पाइल आणि चकतीचा सांधा वारंवारच्या भाराने थकतो.

हे आपल्या मातीत पडताळता येईल. भू-तंत्राच्या चाचण्यांसाठी मोठे सेंट्रिफ्यूज, म्हणजे छोटी प्रतिकृती वेगाने गरगर फिरवून तिच्यावर वाढीव गुरुत्वाकर्षणासारखा जोर आणणारे यंत्र, आयआयटी मुंबईत, पवईलाच आहे. १०० पट गुरुत्वाकर्षणात फिरवले की तेथील अर्ध्या मीटरचा पाइल ५० मीटरच्या पाइलसारखा वागतो. माती तपासण्यासाठी जनतेच्या पैशातून समुद्रतळात घेतलेल्या बोअरहोलची माहिती सरकारने खुली करावी, निविदेआधी आवर्ती आडव्या भाराच्या चाचण्या सक्तीच्या कराव्यात आणि त्यांसाठी चाळलेली कोरडी वाळू नव्हे, तर प्रकल्पाच्या जागेवरूनच काढलेला गाळ वापरावा.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, अंधेरी, मुंबई