चाळीस इंची वाडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेठांमधले वाडे उतरवले जात असल्याच्या बातम्या आपल्या अंकात येतात, त्यावर वाचकांची पत्रंही येतात. मी लिहिते आहे ते एका लहान वाड्याबद्दल. चाळीस इंच रुंद, छत्तीस इंच खोल, कौलांच्या टोकापर्यंत सव्वीस इंच उंच. गेलं दीड वर्ष तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही दोघं खाली पाट मांडून जेवतो आहोत.

माझे वडील ड्राफ्ट्समन होते. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एका एकचौकी वाड्यात होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. आदल्या रात्रीपासून आम्ही आत्याकडे होतो म्हणून बचावलो. पाणी ओसरल्यावर वाडा उभा होता, पण उभे होते ते खांब आणि तुळया. आतल्या भिंती पांढऱ्या मातीच्या. त्या विरघळून चौकात येऊन पडल्या होत्या. उरलेला वाडा पुढे उतरवलाच. वडिलांनी त्या चिखलातून आमच्या फडताळाच्या सागवानी फळ्या तेवढ्या काढून आणल्या. नंतर पूरग्रस्तांच्या वसाहतीत मिळालेल्या दोन खोल्यांत, १९६२ पासून दोन वर्षं, रोज रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी त्या फळ्यांतून माझ्यासाठी तो वाडा पुन्हा केला. एका फुटाला एक इंच, या मापानं.

परदेशातली बाहुलीघरं बहुधा याच मापाची असतात. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण झालेलं, नळाला पाणी आणि दिव्यांना वीज असलेलं विंडसरचं प्रसिद्ध बाहुलीघरही याच मापाचं आहे. वडिलांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. इंच-फूट त्यांच्या रोजच्या कामातलं होतं, इतकंच. तिकडच्या बाहुलीघरांची दर्शनी भिंत दारासारखी उघडते. वाड्याला ते चालत नाही, कारण वाडा बाहेरच्या माणसाला काहीच दाखवत नाही. त्याचं सगळं तोंड चौकाकडे. म्हणून वडिलांनी वाडा चौकातूनच उभा चिरला. मागच्या भिंतीला चार बिजागऱ्या. दिंडी दरवाजाच्या बाजूनं उघडला की तो पोथीसारखा दोन्ही अंगांना उलगडतो. देवडी, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर माडी, सगळं एका नजरेत येतं. एक खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, पाच इंचांचा. सोपा तीन खणांचा. हे मी लहानपणी मोजलं नव्हतं, आता मोजलं.

माझी मुलगी वाड्याशी खेळून मोठी झाली आणि वाडा माळ्यावर गेला. पंचवीस-तीस वर्षं तिथंच होता. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे ॲमस्टरडॅमला गेले असताना राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं बाहुलीघर पाहिलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेलं, नऊ खोल्यांचं. त्या काळच्या श्रीमंत डच घरात स्वयंपाकघर कसं लावत, कपडे कुठं वाळत घालत, बाळंतिणीची खोली कशी असे, हे तिथं जसंच्या तसं दिसतं. त्यातल्या बाहुल्या मात्र जवळजवळ सगळ्या हरवल्या आहेत. त्या कुठं बसवल्या होत्या हे कळतं ते याकोब ॲपेल या चित्रकारानं त्याच काळात काढलेल्या त्या घराच्या चित्रावरून. ते चित्रही त्याच संग्रहालयात आहे. मी तिथं बराच वेळ उभी होते. घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वाडा माळ्यावरून उतरवून घेतला, आणि हात लावण्याआधी त्याचे दोनशेवर फोटो काढले, प्रत्येक खोलीचे पट्टी शेजारी ठेवून. असं काम ज्यांना करायचं असेल त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

वाड्याची अवस्था वाईट होती. साग टिकला होता, पण तळाला लावलेल्या प्लायवूडची वाळवीनं माती केली होती. माजघराच्या भिंतींना चिकटवलेला कागद कसरीनं खाल्ला होता. कागद लावताना वापरलेली खळ म्हणजे कसरीला मेजवानीच. खांबांना लाकूड पोखरणाऱ्या किडीची बारीक भोकं होती. ती जुनी की चालू, हे ओळखायला खाली काळा कागद पसरून पंधरा दिवस ठेवला. दोन खांबांखाली पिठूळ भुकटी पडली. ते दोन सोडवले, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले आणि तीन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवले. नंतर भुकटी पडली नाही.

खांब सोडवता आले याचं श्रेय सरसाला. वडिलांनी सगळे सांधे सरसानं जोडले होते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर धरलं की पाच-सात मिनिटांत सरस मऊ होतो आणि लाकूड न तुटता सुटतं. मधल्या काळात कोणीतरी जिन्याचे कठडे आधुनिक पक्क्या गोंदानं बसवले होते. ते सुटता सुटेनात आणि दोन मोडलेच. म्हणून मीही सरसच वापरला. सुताराकडे अजून मिळतो. वास येतो, रात्रभर भिजत घालावा लागतो, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवावा लागतो. पण साठ वर्षांनी माझ्या नातीला हा वाडा पुन्हा उघडावासा वाटला, तर तिला तो उघडता आला पाहिजे.

आता रंगाबद्दल, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. जुनं फर्निचर नवं करून देणाऱ्या एका कारागिराला मी वाडा दाखवला होता. पॉलिश पेपरनं सगळं घासून काढू, पांढरा रंग देऊ, मग घर कसं उठून दिसेल, असं तो म्हणाला. मनापासूनच म्हणाला. आजकाल जुन्या खेळण्यांचं आणि कपाटांचं हेच होतं, आणि ज्यांच्याकडे आजीआजोबांची लाकडी खेळणी आहेत त्या सगळ्यांना मी कळवळून सांगते की हे करू नका. पहिलं कारण तब्येतीचं आहे. जुन्या तेलरंगात शिसं असे, पिवळ्या, लाल आणि हिरव्यात तर विशेष. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं ते खेळण्याकडे बघून सांगता येत नाही. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. मी हातमोजे घालून, ओल्या कापसानं फक्त सुटलेले पापुद्रे टिपून घेतले, तो कापूस पिशवीत बंद करून टाकला, आणि उरलेल्या रंगावर लाखेचे दोन हात दिले.

दुसरं कारण असं. पापुद्रे सुटलेल्या जागी, जिन्याच्या वरच्या टोकाशी, मला पेन्सिलची एक आडवी रेघ दिसली. वाटलं, कागद कापायची खूण असेल. मग तीच रेघ माडीवरच्या रंगवलेल्या खोलीत दिसली, आणि खाली सोप्यात, न्हाणीघरात पेन्सिलचे बाण दिसले. पट्टी लावली. माडीची जमीन तळापासून दहा इंचांवर आहे आणि रेघ जिथं आहे तिथं साडेअकरा इंचांवर आहे. खालच्या खोल्यांत ती आढ्याच्याही वर जाते म्हणून तिथं वडिलांनी भिंतीवर वर जाणारा बाण काढला आहे. देवडीच्या आतल्या बाजूला, बाणाशेजारी, त्यांच्या तिरप्या अक्षरात ‘१२ जुलै’ एवढंच आहे. आमच्या वाड्यात साडेअकरा फूट पाणी चढलं होतं. वडिलांनी ते कोऱ्या लाकडावर आखलं आणि मग त्यावर रंग दिला. पुराबद्दल ते घरात कधीच बोलले नाहीत. मी त्या खोल्यांत बाहुल्यांची लग्नं लावली, माझ्या मुलीनं लावली, आणि रेघ आत होती.

पॉलिश पेपरच्या दोन फेऱ्यांत ती गेली असती. ती आता लाखेखाली सुरक्षित आहे. जिथं रंग शाबूत आहे तिथं मी ती शोधत बसलेले नाही. वडिलांनी झाकली तिथं झाकलेलीच राहू दे.

घर लावण्याचं काम आनंदाचं. मी आधी तुळशीबागेत गेले, कारण भातुकली म्हटलं की पुण्याच्या माणसाचे पाय तिकडेच वळतात. तिथं पहिला धडा मिळाला : भातुकली मुलीच्या हाताच्या मापाची असते, बाहुलीच्या नव्हे. दोन इंचांचा पितळी तांब्या आमच्या वाड्यात दोन फूट उंच होतो. तो मग चौकातला रांजण झाला, वाटी घंगाळ झाली. एकच वस्तू मापाला तंतोतंत बसली, अडीच इंची बंब. न्हाणीघरात तो असा शोभतो की जणू तिथंच घडला. बाकी हातानं केलं. दवाखान्यात जीभ दाबायला जी लाकडी पट्टी वापरतात, ती कापून सहा पाट. कोटाच्या दोन बटणांचं जातं. दगडी पाटीच्या तुकड्याचा पाटा. लामणदिवा माझ्याच एका एकट्या उरलेल्या कानातल्याचा. कौलं वडिलांनी जाड कागदाच्या ओल्या पट्ट्या सुईवर वळवून केली होती. त्यातली एकशे चाळीस नव्यानं करावी लागली. विणकामाची सुई, वडिलांच्याच मापाची, पाऊण इंच लांब कौल. नवी कौलं मी मुद्दाम एक छटा फिकी ठेवली आहेत, म्हणजे जुनी कोणती ते दिसतं.

सगळ्यात छळलं कापडानं. आईच्या नऊवारीची गोधडी शिवली, तीन इंच बाय सहा इंच, तर ती अंथरल्यावर पुठ्ठ्यासारखी ताठ उभी. कापड कितीही मऊ असलं तरी ते लहान होत नाही, त्याचा धागा तेवढाच जाड राहतो. शेवटी पातळ खळीत बुडवून, थर्माकोलवर टाचण्या लावून, हवी तशी चुणी पाडून वाळवली. आता ती नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी पडलेली असते. खण-चोळीचं कापड वापरायचा मोह सोडावा लागला. त्यावरची बुट्टी या घरात ताटाएवढी दिसते.

फडताळाची मूठ, दिंडीची कडी, समया असल्या गोष्टींसाठी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चार वेळा गेले. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभा केलेला हा संग्रह. दारं, दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, ज्या वस्तू आपण मोडीत घालतो त्या सगळ्या तिथं सन्मानानं बसल्या आहेत. दिंडीची कडी कशी वळते हे मला त्या दारांसमोर उभं राहून चित्र काढल्यावरच उमगलं.

शहरात पुनर्विकासाची कामं चालली आहेत, माळे रिकामे होत आहेत, आणि माळ्यावरचं खेळणं किलोच्या भावानं जातं. माझी विनंती एवढीच की देण्याआधी ते खाली उतरवा, ओल्या फडक्यानं पुसा, उलटं करून बघा. तळाला काही लिहिलेलं असतं, आत एखादं माप असतं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हा वाडा येऊन मोजला तर मला आनंदच होईल. उतरवलेल्या वाड्यांचे नकाशे मिळत नाहीत असं ते म्हणतात. एक नकाशा माझ्या टेबलावर आहे.

आणि एक मदत हवी आहे. माडीवर उजव्या हाताची खोली वडिलांनी रिकामी ठेवली होती. तिथं दुसरं बिऱ्हाड राहत असे. नवरा-बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. आम्ही मुलं त्या खोलीत गेल्याचं मला आठवत नाही, वडीलही बहुधा उंबऱ्यापर्यंतच गेले असावेत, कारण खोलीला त्यांनी रंगही दिलेला नाही. पुरानंतर ते कुटुंब कुठं गेलं ते आम्हाला कधी कळलं नाही. नारायण पेठेतल्या त्या वाड्याच्या चौकात पारिजातक होता आणि देवडीत डाव्या हाताला दगडी हौद होता. त्या घरातलं कुणी, किंवा त्यांच्याकडे येणारं-जाणारं कुणी हे पत्र वाचत असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं : खाट होती का, असली तर कुठल्या भिंतीला, आजी देवासमोर कुठं बसत, खिडकीशी काय टांगलेलं असे. सागाचा एक तुकडा आणि थोडं पितळ मी त्या खोलीसाठी वेगळं काढून ठेवलं आहे.

आपली,
एक वाचक
कोथरूड, पुणे